एकशे एक घागरी

अरिहंत सिंगापूरहून केरवाडीला आला तेव्हा त्याच्या बॅगेत आईसाठी रक्तदाब मोजायचं यंत्र होतं, आप्पांसाठी कानात घालायचं यंत्र होतं आणि डोक्यात एक बेत होता. दोन्ही यंत्रं पहिल्याच दिवशी कपाटात गेली. बेत मात्र रविवारी अंगाशी आला.

अरिहंत हेज फंड चालवत असे. श्रीमंत लोक त्याच्याकडे पैसे ठेवत आणि तो ते जगभरच्या बाजारांत अशा हिशेबाने लावत असे की बाजार चढला तर मिळावं आणि पडला तरी फार जाऊ नये. यात त्याने इतकं कमावलं होतं की निपाणीच्या बाजारपेठेत त्याच्याबद्दल दोन मतं होती. एक असं की तो लई मोठा माणूस झालाय; दुसरं असं की सरळ धंद्यात एवढं मिळत नाही. त्याचे वडील बाबगोंडा आप्पा यांचं तिसरंच मत होतं, पण ते त्यांनी कधी बोलून दाखवलं नव्हतं. कुणी विचारलंच तर ते म्हणत, "बँकेत हाय."

"आप्पा, मी बँकेत न्हाय," आल्या दिवशी जेवताना अरिहंत म्हणाला.

"मग कुठं हाईस?"

"समजा, तुमचं सोयाबीन अजून शेतात उभं आहे. आणि मी आजच त्याचा सौदा..."

"माझं सोयाबीन माझ्या शेतात उभं हाय. तू कशाला मधी येतोस?"

"जेवू द्या की त्याला," अक्काताई म्हणाल्या आणि लेकाच्या ताटात आणखी एक भाकरी टाकली. विषय तिथंच संपला.

दर वर्षी तो तिथंच संपायचा. अरिहंतला त्याचं वाईट वाटायचं. आपण करतो ते काम नुसतं आकड्यांत दिसतं, आप्पांना डोळ्यांनी दिसेल असं आपण काहीच केलेलं नाही, असं त्याला विमानात नेहमी वाटत असे. घर बांधून देतो म्हटलं तर आप्पा म्हणत, आहे ते गळत नाही. गाडी घेतो म्हटलं तर म्हणत, उभी कुठं करणार. म्हणून या वेळी त्याने सवाल धरायचं ठरवलं होतं.

केरवाडीच्या बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, श्रावणातल्या अभिषेकाच्या आदल्या दुपारी सवाल होतो. भगवंतांच्या मस्तकावर पहिला कलश कुणी ओतायचा, याचा हा सवाल. इतर गावांत तो पैशांत बोलतात, केरवाडीत दुधाच्या घागरींत. ज्याची बोली मोठी त्याचा पहिला कलश, आणि बोललेलं सगळं दूध दुसऱ्या दिवशी कळसावर ऊन पडायच्या आत त्याने बस्तीत आणून द्यायचं. थोडं अभिषेकाला, बाकी गावजेवणाच्या खिरीला. माप बस्तीच्या तांब्याच्या घागरीचं. पिशवीतलं दूध चालत नाही, पावडरीचं चालत नाही, आणि काढल्यापासून दोन घटकांच्या, म्हणजे पाऊण तासाच्या आत गाळून उकळायला पडलं नाही, तर तेही चालत नाही. दिलेला सवाल मोडला तर त्या घराला पुन्हा बस्तीत सवाल बोलता येत नाही.

आप्पा तरुणपणापासून दर वर्षी सवाल बोलत आले होते. बस्तीचे पुजारी उपाध्ये "बोला" म्हणाले की सगळ्यांच्या आधी आप्पांचा आवाज यायचा, "अकरा." मग भूपाल पाटील पंधरा म्हणायचे, कुणी अठरा, आणि पंचवीस-तिसाला कुणाचा तरी सवाल व्हायचा. आप्पा अकराच्या पुढे कधी गेले नाहीत. पहिला कलश त्यांच्या हाती कधी आला नाही. लहानपणी आप्पांच्या मांडीवर बसून अरिहंतने ते "अकरा" ऐकलं होतं आणि त्यामागे आपली ऐपत नाही हे त्याला तेव्हाच कळलं होतं.

आता ऐपत होती. पण उघड बोली लावली तर भाव भडकणार, हे त्याला धंद्याने शिकवलं होतं. मोठं गिऱ्हाईक दिसलं की बाजार चढतो. म्हणून त्याने चुलतभाऊ आदर्शला गाठलं. आदर्श शहराकडे कारखान्यांच्या उद्यमबागेत एका फौंड्रीत कामाला होता आणि रविवारी मोटरसायकलवरून गावी येई.

"तू माझ्यासाठी बोल," अरिहंत म्हणाला. "मी मान हलवली की वाढव. चष्मा काढला की थांब. एक्कावन्नच्या वर जायचं नाही."

"एक्कावन्न? लेका, एवढं दूध घालून गाव बुडवतोस काय?"

"तेवढ्यावर जाणारच नाही. ती मर्यादा आहे."

"आणि मला कुणी विचारलं, फौंड्रीतला माणूस एवढं दूध कुठनं आणणार, तर?"

"नवस आहे म्हण."

"कसला नवस?"

"तो तू ठरव," अरिहंत म्हणाला. बारीकसारीक गोष्टी तो हाताखालच्यांवर सोडत असे.

रविवारी दुपारी बस्तीचं अंगण भरलं. उपाध्ये चौथऱ्यावर बसले. "बोला," ते म्हणाले.

"अकरा," आप्पांचा आवाज आला.

नेहमी यापुढे भूपाल पाटलांचा पंधरा यायचा. आज कुणीच बोललं नाही. सगळं अंगण माना वळवून अरिहंतकडे बघत होतं. अरिहंत कळसाकडे बघत होता. उपाध्यांनी पुन्हा एकदा "बोला" म्हटलं. मग अरिहंतने मान हलवली आणि आदर्श म्हणाला, "पंधरा."

"अठरा," मागून आवाज आला. तो गुंडू अण्णाचा होता. गुंडू अण्णा म्हणजे आप्पांच्या बांधाला बांध लागलेला शेजारी, घरात दोन म्हशी आणि एक भाकड गाय.

"एकवीस," आदर्श म्हणाला.

"पंचवीस."

बायकांच्या बाजूला कुजबुज झाली. "गुंडूला काय झालं गं?" "म्हस व्याली असंल." "व्याली म्हणून काय गंगा आली?"

एक्कावन्नपर्यंत सवाल ठाकठीक चढला. अरिहंतने चष्म्याला हात घातला. थांबायचं म्हणजे थांबायचं. या एका सवयीवर त्याने आयुष्य उभारलं होतं. मोठमोठी हुशार माणसं त्याने बुडताना बघितली होती, आणि ती सगळी आणखी एकदाच म्हणत बुडाली होती. पण चष्मा काढता काढता त्याची नजर आप्पांकडे गेली. आप्पा गुंडू अण्णाकडे बघत होते आणि खांद्यावरच्या टॉवेलाने डोळे पुसत होते.

"पंचावन्न," गुंडू अण्णा म्हणाला.

एवढी वर्षं अकरा म्हणून गप्प बसलेला हा माणूस, आज कलश गुंडूकडे चाललेला बघून रडतोय. त्याने चष्मा परत नाकावर ठेवला आणि मान हलवली. आदर्शने डोळे मोठे केले. अरिहंतने पुन्हा मान हलवली.

"साठ," आदर्श म्हणाला.

आप्पांनी डोळे पुसले. गुंडू अण्णा म्हणाला, "पासष्ट." अरिहंतने मान हलवली. आप्पांनी डोळे पुसले. इकडचा आकडा तिकडच्या टॉवेलाला लागत होता आणि तिकडचा टॉवेल इकडच्या मानेला. जो कॉलेजात भौतिकशास्त्र शिकलाय त्याला कर्णा आणि माईक समोरासमोर आले की आवाज वाढत वाढत कसा किंचाळतो हे माहीत असतं. पण आपणच माईक असताना ते कळत नाही.

"शंभर," म्हणताना गुंडू अण्णा अडखळला. आप्पांनी पुन्हा टॉवेल उचलला, तसा गुंडू घाईने उभा राहिला, "जरा जाऊन येतो" म्हणाला आणि चपला न घालताच बाहेर गेला.

"एकशे एक," आदर्श म्हणाला. तो घामाने भिजला होता.

"कुणाच्या नावानं?" उपाध्यांनी विचारलं.

"बाबगोंडा आप्पांच्या."

अंगणात एक मोठा हुंकार उठला. आप्पा उठले, टॉवेल झटकून खांद्यावर टाकला आणि कुणाशी न बोलता घरी गेले. त्यांना गहिवरून आलं असणार, असं अरिहंतला वाटलं.

घरी आल्यावर कळलं की गहिवर नव्हता.

"एकशे एक," आप्पा ओसरीवर बसून म्हणाले. "अरं, पाण्याच्या बी एकशे एक घागरी भराय गेलं तर दुपार होतीया."

"आप्पा, दूध मी आणतो. तुम्ही काळजी करू नका."

"कुठनं आणतोस?"

हा प्रश्न अरिहंतला आयुष्यात कुणी विचारला नव्हता. त्याने कॉफी घेतली होती, तांबं घेतलं होतं, मका तर जहाजांच्या हिशेबात घेतला होता. पण कॉफीची एक बी कधी हातात आली नव्हती. मुदत संपायच्या आत सौदा दुसऱ्याला विकून मोकळं व्हायचं, माल घरी यायची वेळच येऊ द्यायची नाही, हीच तर त्या धंद्याची खुबी. इथे सौदा घेणारं दुसरं कुणी नव्हतं आणि माल उद्या सकाळी हजर करायचा होता.

आदर्शची बायको ब्राह्मी गावची दूध डेअरी चालवायची. अरिहंत तिच्याकडे गेला तेव्हा ती कॅन धूत होती.

"वहिनी, गावात सकाळचं एकूण दूध किती निघतं?"

"भावजी, हे सवाल बोलायच्या आधी इचारायचं असतंय."

"किती?"

"सगळ्या गावाचं मिळून सत्तर घागरी बी न्हाय. त्यात वासरं हाईत, च्या हाय, लेकरं हाईत. आणि माझा टँकर रिकामा गेला तर वरनं फोन कुणाला येणार, मला."

अरिहंत हिशेब करत उभा राहिला. शेजारच्या गावातलं आणावं तर दोन घटका वाटेतच जाणार. निपाणीतून आणावं तर पिशवीचं. म्हणजे जेवढं दूध अस्तित्वात होतं त्याहून जास्त द्यायचा सौदा त्याने केला होता. असं बाजारात कधीतरी होतं, आणि ज्याचं होतं त्याला सगळे लोक हसतात, हेही त्याला आठवलं. तेवढ्यात सिंगापूरहून तिसरा फोन वाजला. 'मी दुधात अडकलोय,' असा निरोप त्याने धाडला. हाही बाजारातलाच सौदा समजून पलीकडून लगेच उत्तर आलं, 'किती लॉट?'

दिवेलागणीपर्यंत तो घरोघर फिरला. पैसे देऊ केले तर लोक दुखावले. देवाच्या दुधाचे पैसे कोण घेतंय? पण म्हणून दूध फुकट होतं असंही नाही.

"दूध देतो की," भूपाल पाटील म्हणाले. "आणि कलशाचं म्हणशील तर आम्ही आज तोंडच उघडलं न्हाय. म्हटलं तू एवढ्या लांबनं आलाईस, तूच बोलशील. तुझ्याम्होरं कोण बोलणार? बरं, ते जाऊ दे. एक शेअर सांग. एकच. मी कुणाला सांगत न्हाय."

अरिहंतच्या कंपनीत कुणाला असला सल्ला द्यायचा तर आधी सह्या घेऊन वकिलाला दाखवावं लागे. "काका, तसं सांगता येत नाही," तो म्हणाला.

"सांगू नको. नुसतं हो-न्हाय म्हण. मी नाव घेतो."

पुढच्या घरात थोरल्या मुलाला अरिहंतने सिंगापूरला न्यायचं ठरलं होतं. मुलगा वेल्डिंग शिकला होता आणि बॅग कोणत्या रंगाची घ्यावी एवढंच विचारायचं राहिलं होतं. शेवटी तो मालुबाईंकडे गेला. त्यांचं घर आप्पांच्या घराच्या पाठीमागे, दारात तीन म्हशी.

"तिन्हीचं देतो, थेंबन् थेंब," मालुबाई म्हणाल्या. "मला एवढंच सांग लेकरा, औंदा खालच्या तुकड्यात तंबाखू लावू का ऊस?"

"मालुबाई, ते मला कसं सांगता येईल? पाऊस कसा पडेल, भाव काय येईल, कुणालाच ठाऊक नसतं."

मालुबाईंनी त्याच्याकडे काळजीने बघितलं. "मग लोकं तुला पैशे कशाला देत्यात रं?"

या प्रश्नाचं उत्तर त्याच्याकडे इंग्रजीत होतं, चांगलं चाळीस पानांचं, आलेखांसकट. म्हशींच्या समोर त्यातलं एक वाक्य आठवेना.

पहाटे सगळं गाव जागं होतं. कळश्या, कॅन, बादल्या बस्तीकडे चालल्या होत्या. अंगणात चुलींवर मोठमोठ्या काहिली तापत होत्या. आलेलं दूध गाळून आधी बस्तीच्या घागरीत, घागरीतून काहिलीत, आणि प्रत्येक घागरीला उपाध्ये एक सुपारी बाजूला ठेवत होते. कोपऱ्यावरच्या हॉटेलवाल्याने फळ्यावर 'आज फक्त काळा चहा' असं लिहून आपलंही दूध आणून ओतलं होतं. ब्राह्मीने टँकर रिकामा परत पाठवला आणि फोन बंद करून ठेवला.

अडुसष्टाव्या सुपारीनंतर वाटेवर कुणी येताना दिसेना. अरिहंतने वर बघितलं. कळसाच्या टोकाला उजेड लागायला आला होता. आप्पा खांबाला टेकून उभे होते, धुतलेलं धोतर नेसून. या माणसाला एकदा पहिला कलश मिळावा म्हणून आपण आलो आणि आता याचं ते "अकरा"सुद्धा कायमचं बंद करून निघणार आहोत, हे अरिहंतला तेव्हा नीट दिसलं. तो पुढे झाला.

"उपाध्ये, मला बोलायचं आहे. आदर्शचा सवाल माझा होता. चूक माझी, आप्पांना यातलं काही माहीत नव्हतं. शिक्षा त्यांच्या घराला नको."

"थांब," आप्पा म्हणाले. ते पुढे आले. त्यांनी घसा साफ केला. "गुंडूचा सवाल माझा हुता."

गुंडू अण्णा भिंतीकडे बघू लागला.

"मी टावेलानं तोंड पुसलं की त्यानं वाढवायचं, असं ठरलं हुतं," आप्पा म्हणाले. "म्हटलं, पोरगं एवढ्या लांबनं आलंय. एकदा त्याच्या हातानं पहिला कलश व्हावा. मी स्वतः अकराच्या वर बोललो असतो तर लोकं म्हणाली असती, लेकाचा पैसा बोलायला लागला. म्हणून गुंडूला घातलं मधी."

"मला वाटलं तुम्ही रडताय," अरिहंत म्हणाला.

"मी कशाला रडतोय?"

"आप्पा, तुम्ही दर वर्षी अकरावर थांबता. मला वाटायचं, परवडत नाही म्हणून."

"अरं, कुणीतरी पयला आकडा बोलाया लागतोय. न्हाईतर सगळी एकमेकाची तोंडं बघत बसत्यात. ते माझं काम. बोलायचं आणि गप बसायचं. एवढी वर्सं गप बसलो." ते जरा थांबले. "कालच जमलं न्हाय."

अरिहंतलाही कालच जमलं नव्हतं.

आधी बायकांच्या बाजूला कुणीतरी फिसकन हसलं. मग सगळं अंगण हसलं. हसण्यात आश्चर्य अजिबात नव्हतं.

"तुम्हाला ठाऊक होतं?" अरिहंतने भूपाल पाटलांना विचारलं.

"गुंडूकडं दोन म्हशी, आदर्शकडं एक मोटरसायकल. शंभर घागरी कोण बोलतंय हे कळायला काय लागतंय?"

"मग सांगितलं का नाही?"

"बाप-लेकाच्या मधी कुणी पडावं?"

उपाध्यांनी हात वर केला. अंगण शांत झालं. "घरातल्या घरात सवाल होत न्हाय," ते म्हणाले. "डावा हात बोलला, उजव्यानं वाढवला, त्याला कोण सवाल म्हणत न्हाय. ते सगळं रद्द."

अरिहंतने मान खाली घातली. अगदी याच कारणासाठी, आपलाच माल आपल्याच दुसऱ्या हाताने विकत घेतला म्हणून, त्याने दोन वर्षांपूर्वी ऑफिसातल्या एका माणसाला घरी पाठवलं होतं. तेव्हा त्याने त्याला तासभर नीतीवर ऐकवलं होतं.

"मग खरा सवाल कुठला राहिला?" उपाध्ये विचार करत म्हणाले. "आदर्श गेला. गुंडू गेला. आणखी कोण बोललं हुतं?"

कुणीच बोललं नव्हतं. सगळे सिंगापूरवाल्याची वाट बघत बसले होते.

"अकरा," भूपाल पाटील म्हणाले. "बाबगोंडांचे अकरा. उघड बोललेले, स्वतःच्या तोंडानं."

उपाध्यांनी सुपाऱ्यांच्या ढिगातून अकरा उचलून वेगळ्या ठेवल्या. "पोचल्या," ते म्हणाले. "पहिला कलश बाबगोंडा आप्पांचा."

कळसावर ऊन पडलं. आप्पांनी कलश उचलला, दोन पायऱ्या चढले आणि थांबले. मागे न बघता त्यांनी डावा कोपर जरा बाहेर काढला, लहान मुलाला धरायला देतात तसा. अरिहंत पुढे गेला आणि त्याने हात लावला. कलश जड होता. आपण घेतलेली एखादी वस्तू जड असते, हे त्याला नवीनच होतं.

उरलेल्या सत्तावन्न घागरींची खीर झाली. गावाने खाल्ली, पाहुण्यांनी खाल्ली, रिकामा टँकर घेऊन परत जाणाऱ्या ड्रायव्हरला अर्ध्या वाटेतून बोलावून आणून खायला घातली.

दुपारी ओसरीवर अक्काताईंनी बाप-लेकांच्या पुढे दोन कप ठेवले. चहा काळा होता.

"दूध?" आप्पा म्हणाले.

"आणा की. सांगा कुणाकडं हाय. म्हशी संध्याकाळी देतील तवा देतील."

एवढ्यात मागच्या दाराने मालुबाई आल्या. पदराखालून त्यांनी एक तांब्या काढला. वर वाटी झाकलेली होती. तांब्या दुधाने भरलेला होता.

"मालुबाई, तुम्ही तर थेंबन् थेंब देतो म्हणाला होतात," अरिहंत म्हणाला.

"म्हणालते की. पर एवढा ठेवला बाजूला." त्यांनी तांब्या अक्काताईंच्या हाती दिला. "म्हटलं, सवाल पुरा झाला तर तुमच्या घरात च्याला दूध नसणार. न्हाय झाला, तर आप्पा रागानं जेवणार न्हाईत, दूध तरी पाजावं लागंल. कसं बी झालं तरी तांब्याभर लागणारच."

अरिहंत त्या तांब्याकडे बघत राहिला. मग तो हळू म्हणाला, "आप्पा, मी हे करतो."

"काय? दूध लपवतोस?"

"हो. दुसऱ्यांचं. बाजूला ठेवतो. कसंही झालं तरी लागेल म्हणून."

"आणि त्याचं पैसे देत्यात?"

"लई देत्यात."

आप्पांनी चहात दूध ओतून घेतलं, बशीत घालून फुंकर मारली आणि सगळा चहा प्यायले. कप संपल्यावर त्यांनी तो पालथा घातला. "मग मालुबाईला किती देत्यात?" त्यांनी विचारलं.

गुरुवारी आप्पा त्याला निपाणीच्या बस स्टँडवर सोडायला आले. गाडी फलाटाला लागायची होती. तंबाखूच्या वखारीतला त्यांचा कुणी जुना ओळखीचा भेटला. त्याने अरिहंतला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "ह्योच व्हय सिंगापूरचा? काय करतोय म्हणालासा?"

अरिहंत 'बँकेत' ऐकायची वाट बघत उभा राहिला.

"तांब्या ठेवतोय," आप्पा म्हणाले.

त्या माणसाला काही कळलं नाही. आप्पांनी त्याला समजावून सांगितलं नाही. त्यांनी टॉवेलाने डोळे पुसले, आणि आता ही कसली खूण आहे हे विचारायला अरिहंत वळेपर्यंत गाडी आली.